१०२ ठोकळ्यांची रचना

लाकडी पेटीचं झाकण उघडलं की आत पोलादाचे लहानमोठे आयताकृती ठोकळे खाचांमध्ये ओळीनं बसवलेले दिसतात. प्रत्येकाची दोन पृष्ठं लखलखीत घासलेली आणि प्रत्येकावर एक आकडा कोरलेला. १.०१, १.०२, १.०३ अशी एक मालिका, ०.५, १.०, १.५ अशी दुसरी. शेवटी चार दांडगे ठोकळे, २५, ५०, ७५ आणि १०० मिलिमीटरचे. या पेटीत हलणारा एकही भाग नाही. काटा, तबकडी, स्प्रिंग, स्क्रू यांतलं काहीही नाही. कारखान्यातली माणसं तिला 'स्लिप गेजचा सेट' म्हणतात. मायक्रोमीटर खरा बोलतो आहे का, डायल बरोबर दाखवते आहे का, हे ठरवायची वेळ आली की ही पेटी कपाटातून बाहेर येते.

ही रचना स्वीडनमधल्या एस्किल्स्तूना गावच्या कार्ल एडवर्ड जोहान्सन या कारागिराची. पुढे त्याच्या नावानं कंपनी उभी राहिली आणि तिचा माल जगभरच्या टूलरूममध्ये पोचला. आपण कवितेचं रसग्रहण करतो, बंदिशीचं करतो, एखाद्या मंदिराच्या घाटणीचंही करतो. पोलादाच्या या पेटीलाही तसंच वाचता येतं, असं मला मनापासून वाटतं. तिला कर्ता आहे. तिच्यात काय घ्यायचं आणि काय टाळायचं याची जाणती निवड आहे. आणि पहिल्या ठोकळ्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच प्रश्नाचा पाठपुरावा आहे. तो प्रश्न सांध्याचा आहे. दोन वस्तू जिथे एकमेकींना जोडल्या जातात, तिथेच चूक शिरते. हा सांधा पुसून टाकण्यासाठी जोहान्सननं आणि त्याच्या कंपनीनं जे केलं, त्यातच त्यांच्या कामाची शैली आहे.

जोहान्सनचा जन्म १८६४चा. १८८८ मध्ये तो एस्किल्स्तूनाच्या सरकारी रायफल कारखान्यात शस्त्रांचा तपासनीस म्हणून लागला. रायफल ही अदलाबदल करता येणाऱ्या भागांची वस्तू. एका बंदुकीचा बोल्ट मोडला तर दुसरीचा काढून तिथे बसवता आला पाहिजे, तोही कानस न लावता. म्हणजे प्रत्येक भागाची प्रत्येक महत्त्वाची लांबी ठरलेल्या मर्यादेत हवी, आणि ती तपासायला त्या लांबीचं वेगळं गेज हवं. ही गेजं टूलरूममध्ये हातानं, एकेक करून घडवली जायची. ती महाग पडत आणि एकाच कामाची असत. मॉडेल बदललं की त्यांतली बरीचशी निरुपयोगी ठरत. एस्किल्स्तूनाला तेव्हा परवान्यावर रेमिंग्टन रायफली बनत होत्या, आणि त्यांच्या गेजांवर होणारा खर्च जोहान्सनला सलत होता.

१८९४ मध्ये स्वीडननं माउझरच्या कार्बाइनचा आपल्याला हवा तसा नमुना स्वीकारला. तिचं उत्पादन पुढे एस्किल्स्तूनालाच व्हायचं होतं. त्या तयारीसाठी जोहान्सन जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फला, माउझरच्या कारखान्यात गेला. जगातला एक नामांकित शस्त्रकारखाना मोजमाप कसं करतो ते पाहायची त्याला उत्सुकता होती. प्रत्यक्षात तिथली पद्धत पाहून त्याची निराशा झाली. परतीच्या प्रवासात, आगगाडीत, तो या प्रश्नावर विचार करत राहिला. प्रत्येक मापासाठी एक गेज बनवण्याऐवजी थोडेच ठोकळे असे निवडता येतील का, की त्यांना एकावर एक रचून हवं ते माप उभं राहील? या प्रश्नाचं त्याचं उत्तर म्हणजे १०२ ठोकळ्यांचा संच.

आता ही संख्यांची रचना सावकाश वाचू. पहिली मालिका १.०१ ते १.४९, दर ०.०१ मिलिमीटरला एक ठोकळा: एकूण ४९. दुसरी मालिका ०.५ ते २४.५, दर अर्ध्या मिलिमीटरला एक: पुन्हा ४९. तिसरी २५, ५०, ७५ आणि १००: फक्त ४. बेरीज १०२.

पहिली मालिका ०.०१ पासून का सुरू होत नाही? कारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका पातळ ठोकळा ना कडक ठेवता येतो, ना सपाट घासता येतो. म्हणून जोहान्सननं शतांश १ मिलिमीटरच्या पाठीवर चढवले. माप सूक्ष्म राहिलं आणि त्याला धरायला अंग मिळालं. मग ही मालिका १.९९ पर्यंत न जाता १.४९ लाच का थांबते? कारण पुढचा अर्धा मिलिमीटर द्यायला दुसरी मालिका तयार आहे. १.६२ हवं असेल तर १.१२ घ्या आणि त्याला ०.५ जोडा. दुसरी मालिका २४.५ ला थांबते, कारण पुढची पायरी २५ची आहे आणि ती तिसऱ्या मालिकेकडे आहे. प्रत्येक मालिका पुढच्या मालिकेच्या पहिल्या पायरीपाशी, नेमकं एक पाऊल अलीकडे थांबते. कुठे फट नाही, कुठे अनावश्यक आकडा नाही. हा घाट एकदा लक्षात आला की त्या रुक्ष वाटणाऱ्या आकड्यांत एक लय ऐकू येऊ लागते.

एक माप प्रत्यक्ष बांधून पाहू. ४८.७६ मिलिमीटर हवं आहे. शेवटच्या अंकांपासून सुरुवात करायची, ही या पेटीची रीत. १.२६ घेतला की उरतात ४७.५०. त्यातून २२.५ काढला की उरतात २५, आणि तो ठोकळा पेटीत आहेच. तीन ठोकळ्यांत काम झालं. आता सगळ्यात मोठं, सगळ्यात अवघड माप घेऊ: १.४९, त्यावर २४.५, त्यावर ७५, त्यावर १००. बेरीज २००.९९. चार ठोकळे. या पेटीतून १.०० पासून २००.९९ पर्यंत दर ०.०१ मिलिमीटरला एक माप मिळतं, आणि कोणत्याही मापाला चारांहून अधिक ठोकळे लागत नाहीत. ही मापं मोजली तर बरोबर २०,००० भरतात. १०२ वस्तूंमधून २०,००० लांब्या, त्याही जास्तीत जास्त तीन सांध्यांत.

याहून कमी ठोकळ्यांतही भागलं असतं. दशमान पद्धतीनं प्रत्येक अंकासाठी नऊ ठोकळे ठेवायचे: १.०१ ते १.०९, १.१ ते १.९, १ ते ९ आणि १० ते ९०. असे ३६ ठोकळे घेतले तरी १०० मिलिमीटरच्या आसपासपर्यंतची बहुतेक मापं उभी राहतात. पण त्या पेटीत ४८.७६ साठी १.०६, १.७, ६ आणि ४० असे चार ठोकळे लागतात. जोहान्सनला तीन पुरतात. त्यानं काटकसर केली ती ठोकळ्यांच्या संख्येत केली नाही, सांध्यांच्या संख्येत केली. प्रत्येक सांध्याबरोबर थोडी चूक जमा होते हे तपासनिसाला अनुभवानं माहीत होतं. पेटीत अधिक ठोकळे बनवावे लागले तरी चालतील, पण वापरणाऱ्याच्या हातात सांधे कमी पडले पाहिजेत. बनवणाऱ्यानं कष्ट आपल्याकडे घेऊन वापरणाऱ्याचा धोका कमी केला आहे. मला ही निवड तांत्रिक वाटते तितकीच सुसंस्कृत वाटते.

या रचनेत आणखी एक गुण दडलेला आहे. तेच माप अनेक वाटांनी बांधता येतं. ४८.७६ साठी १.२० आणि १.०६ एकत्र घ्या, त्यांवर २१.५ आणि २५ ठेवा, बेरीज तीच. आता हे दोन्ही थर संवेदनशील मापकाखाली आळीपाळीनं ठेवून पाहिले की त्यांत फरक दिसता कामा नये. दिसला, तर कुठला तरी ठोकळा खोटा आहे. १.०५ आणि १.२५ ची बेरीज १.१० आणि १.२० च्या बेरजेइतकीच आली पाहिजे. असे असंख्य ताळे या पेटीत तयार आहेत. ती स्वतःची तपासणी स्वतः देत राहते. ज्या वस्तूच्या शब्दावर बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा, तिनं स्वतःला असं उघडं ठेवलेलं असावं, यात मोठं सौंदर्य आहे.

मात्र ही सगळी बेरीज कागदावर सोपी आहे. पोलादात ती उतरवताना खरी परीक्षा होते. १.२६ वर २२.५ ठेवल्यावर मध्ये हवेचा किंवा धुळीचा थर राहिला तर बेरीज मोडली. गणित टिकवायचं असेल तर दोन ठोकळ्यांमधली जागाच नाहीशी व्हायला हवी. इथे जोहान्सनच्या कामाचा दुसरा पदर उलगडतो: पृष्ठभाग.

दोन स्वच्छ ठोकळे घ्यायचे, एक दुसऱ्यावर आडवा टेकवायचा, हलका दाब देत सरकवत फिरवायचा. एका क्षणी हाताला प्रतिकार जाणवतो, आणि मग ते दोघं एक होतात. वरचा उचलला तर खालचा बरोबर येतो. कारखान्यात याला 'रिंगिंग' म्हणतात. ज्यानं हे एकदा स्वतःच्या बोटांनी केलं आहे, त्याला सपाटपणा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. दोन ठोकळ्यांच्या मधली हवा गेल्यामुळे बाहेरची हवा त्यांना दाबून धरते, असं पहिल्यांदा वाटतं. हिशोब केला तर हे स्पष्टीकरण पुरत नाही. ९ बाय ३० मिलिमीटरच्या पृष्ठावर वातावरणाचा दाब तीन किलोच्या आसपासचं वजन पेलेल. नीट जोडलेले ठोकळे याच्या दहापट ओढ सहन करू शकतात. उरलेलं काम पृष्ठावरच्या तेलाचा किंवा ओलाव्याचा अत्यंत पातळ थर आणि पोलादाच्या रेणूंमधलं परस्पर आकर्षण करतं. तो थर मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या घरातला असतो. शतांश मिलिमीटरच्या हिशोबात तो जवळपास नसल्यासारखाच.

सपाट पृष्ठं एकमेकांना चिकटतात हे जोहान्सनच्या आधी माहीत होतं. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याच्या सरफेस प्लेट याच गुणासाठी प्रसिद्ध होत्या. जोहान्सनचं मोठेपण हे, की त्यानं या चिकटण्याला बेरजेच्या कामाला लावलं. संख्यांची रचना आणि पृष्ठाची घासणी या दोन गोष्टी त्याच्या पेटीत एकमेकींवर उभ्या आहेत. घासणी नसती तर १०२ ची रचना हे कागदावरचं कोडं राहिलं असतं. रचना नसती तर ती घासणी केवळ हातचलाखी ठरली असती.

ही घासणी कुठे झाली, हेही या कलाकृतीचा भाग आहे. रायफल कारखान्यातली ग्राइंडिंग यंत्रं जोहान्सनच्या मनासारखं काम देत नव्हती. त्यानं घरी पत्नीचं सिंगर कंपनीचं शिवणयंत्र बदलून त्याचं घासणीचं यंत्र बनवलं. पत्नी मार्गारेटा घरकाम सांभाळून ठोकळे घासायला त्याला मोठी मदत करत असे. उद्योगाच्या इतिहासात पेटंट नोंदवणाऱ्याचं नाव राहतं. अशा सहकाऱ्यांची नावं क्वचितच उरतात. मार्गारेटाचं उरलं आहे, आणि या पेटीबद्दल बोलताना ते घेतलंच पाहिजे. पुढे जोहान्सननं संच कारखान्यात दाखवल्यावर वरिष्ठांनी त्याला वेळ आणि साधनं दिली. २ मे १९०१ रोजी त्याला स्वीडिश पेटंट मिळालं, क्रमांक १७०१७.

पोलादाचा ठोकळा सपाट झाला, मापात आला, म्हणजे संपलं असं मात्र होत नाही. कडक केलेलं पोलाद आतून अस्वस्थ असतं. महिन्यामहिन्यांत ते किंचित आखडतं किंवा फुगतं, म्हणून वारंवार तापवून-थंड करून त्याला स्थिर करावं लागतं. शिवाय ते उष्णतेनं वाढतं. १०० मिलिमीटरचा पोलादी ठोकळा तापमान १ अंशानं चढलं की सुमारे १.१५ मायक्रॉननं लांबतो. मग 'हा ठोकळा १०० मिलिमीटरचा आहे' या वाक्याला अर्थ यायचा तर 'किती तापमानाला' हे सांगणं भाग पडतं. मीटरची व्याख्या तेव्हा बर्फ वितळण्याच्या तापमानाला, म्हणजे ० अंश सेल्सिअसला केलेली होती. ब्रिटिश इंच ६२ अंश फॅरनहाइटला मोजला जाई. कारखान्यात मात्र माणसं ० अंशात काम करत नाहीत. जोहान्सननं २० अंश सेल्सिअस धरलं: जिथे हात काम करतात, तिथलं तापमान. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीनं हेच संदर्भ तापमान मान्य केलं. आयएसओ या संस्थेनं १९५१ मध्ये काढलेली पहिली शिफारसही याच विषयावर, औद्योगिक लांबीमापनाच्या संदर्भ तापमानावर होती. आज जगातल्या कोणत्याही यांत्रिक ड्रॉइंगवरच्या लांबीमागे, लिहिलेलं असो वा नसो, हे २० अंश उभे असतात.

आपल्याकडे या २० अंशांची किंमत चटकन कळते. पुण्यात मे महिन्यात ३८ अंश चढले की तोच १०० मिलिमीटरचा ठोकळा सुमारे २० मायक्रॉननं, म्हणजे जोहान्सनच्या शतांशाच्या दोन पायऱ्यांनी लांब झालेला असतो. म्हणून मापन प्रयोगशाळेला वातानुकूलन लागतं. तपासायचा भाग आणि ठोकळे काही तास शेजारी ठेवून एका तापमानाला आणावे लागतात, आणि ठोकळा उघड्या बोटांनी फार वेळ धरायचा नसतो. एक दिलासाही आहे. तपासायचा भागही पोलादाचाच असेल आणि दोघंही सारख्याच तापमानाला असतील, तर दोघं जवळपास सारखेच वाढतात आणि तुलना खरी राहते.

दोन वस्तूंमधला सांधा मिटवणाऱ्या या माणसाला पुढे दोन देशांमधला सांधाही सापडला. १९१२ मध्ये त्यानं इंचातले ठोकळे बनवायला घेतले, तेव्हा प्रश्न आला: कुठला इंच? अमेरिकेचा इंच २५.४०००५०८ मिलिमीटरचा होता, ब्रिटनचा २५.३९९९७७ चा. दोघांची संदर्भ तापमानंही वेगळी. फरक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून कमी, पण मापनशास्त्रात तो फरकच. जोहान्सननं दोन्ही इंचांच्या मधला, नेटका आकडा उचलला: २५.४ मिलिमीटर, २० अंश सेल्सिअसला. दोन्ही देशांच्या अधिकृत इंचांपासून तो दशलक्षात काही भागांइतकाच दूर होता. त्याचे ठोकळे इतके पसरले की इतर उत्पादकही त्याच मापाचे ठोकळे बनवू लागले. ब्रिटनच्या औद्योगिक मानकानं २५.४ हा आकडा १९३० मध्ये घेतला, अमेरिकेच्या मानकानं १९३३ मध्ये. १९५९ मध्ये इंग्रजीभाषी देशांनी आपसांतल्या कराराने तोच इंच अधिकृत केला. आज दुकानात टीव्हीचा पडदा किंवा नळाचा पाइप इंचांत मागितला जातो, तो एस्किल्स्तूनाच्या या इंचात. जोहान्सनकडे ना सरकारी अधिकार होता, ना संसदेचा ठराव. त्याच्याकडे चांगलं बनवलेलं पोलाद होतं, आणि देशांना त्याच्यामागे यावं लागलं.

अमेरिकेत त्याचा पहिला संच १९०८ च्या सुमारास कॅडिलॅकच्या हेन्री लेलंड यांनी घेतला. ग्राहक अगदी योग्य होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सुट्या करून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून, पुन्हा जोडून चालवून दाखवल्या गेल्या. भागांची अदलाबदल म्हणजे काय हे लेलंड जाणून होते. मग १९१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे जोहान्सनचा अमेरिकेतला कारखाना सुरू झाला. महायुद्धानंतरची मंदी मात्र त्याला झेपली नाही. १९२३ मध्ये त्यानं हेन्री फोर्ड यांना पत्र लिहून सहकार्याचा प्रस्ताव मांडला. फोर्डनी तो व्यवसाय विकत घेतला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून जोहान्सन डिअरबॉर्नमध्ये काम करू लागला. फोर्डच्या टूलरूमला तिथून ठोकळे मिळत, शिवाय विकत घेण्याची ऐपत असलेल्या कुणाही उत्पादकाला मिळत. जगातला सर्वांत मोठा मोटार उत्पादक मापाच्या पेटीत पैसा घालतो, यामागे साधा हिशोब होता. भाग बनवणारे कारखाने शेकडो असतील आणि जुळणी एका जागी होणार असेल, तर त्या सगळ्यांकडे एकच मिलिमीटर असायला हवा. १९३६ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, जोहान्सन तिथून निवृत्त झाला. आयुष्यात त्यानं २२ वेळा अटलांटिक ओलांडला. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये एस्किल्स्तूनाला त्याचं निधन झालं. त्यानंतर लवकरच स्वीडिश अभियांत्रिकी अकादमीनं त्याला मोठं सुवर्णपदक दिलं.

दरम्यान स्वीडनमधली मूळ कंपनी चालूच होती, आणि तिच्या नावावर आणखी एक अपूर्व उपकरण आहे: मिक्रोकेटर. ह्यूगो आब्राम्सन या स्वीडिश अभियंत्याच्या कल्पनेवर ते १९३०च्या दशकात आलं. अतिसूक्ष्म हालचाल मोठी करून दाखवणं हे त्याचं काम. सर्वसाधारण डायलमध्ये हे काम दातेरी चक्रं करतात. चक्रं आली की त्यांच्या आसांची घासण आली, दातांमधली मोकळी जागा आली, म्हणजे पुन्हा सांधेच. मिक्रोकेटरमध्ये एकही चक्र नाही. धातूची एक अतिशय पातळ पट्टी, मध्यापासून एका बाजूला उजवीकडे आणि दुसऱ्या बाजूला डावीकडे पीळ दिलेली, आणि बरोबर मध्यावर हलका काटा. मोजायची टोकणी किंचित वर सरकली की कोपऱ्याच्या आकाराच्या लवचीक तरफेतून पट्टी ताणली जाते, पीळ उलगडतो आणि काटा फिरतो. लहानपणी दोऱ्यात बटण ओवून, दोन्ही हातांनी दोरा ओढून बटण गरगरा फिरवायचा खेळ ज्यांनी केला आहे, त्यांना हे तत्त्व हाताला माहीत आहे. पट्टीच्या मध्यभागावर फाजील ताण येऊ नये म्हणून तिच्या मधोमध बारीक छिद्रंही पाडलेली असतात.

ठोकळे आणि मिक्रोकेटर शेजारी ठेवून पाहिले की एकाच घराण्याची ओळख पटते. इतरांनी जिथे यंत्रणा उभी केली असती, तिथे या कंपनीनं धातूच्या आकाराकडूनच काम करून घेतलं. ठोकळ्यांमध्ये सांधे कमीत कमी ठेवले आणि जे राहिले ते घासून पुसून टाकले. मिक्रोकेटरमध्ये मोठं करून दाखवण्याच्या जागी सांधाच ठेवला नाही. कर्ता बदलला तरी सौंदर्यदृष्टी तीच राहिली, हे कुठल्याही कलापरंपरेचं लक्षण आहे. पुढे या कंपनीनं को-ऑर्डिनेट मेजरिंग मशीनही बनवली आणि नंतर ती हेक्सागॉन या स्वीडिश समूहात सामावली.

आपल्याकडच्या आयटीआय, पदविका महाविद्यालयं आणि पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक पट्ट्यातल्या टूलरूममध्ये स्लिप गेजचे जे संच वापरले जातात, त्यांत ११२ ठोकळ्यांचा संच प्रसिद्ध आहे. त्याची यादी वाचली तर मूळ रचना ताबडतोब ओळखू येते. १.०१ ते १.४९ चे ४९, ०.५ ते २४.५ चे ४९, आणि २५, ५०, ७५, १०० हे ४. जोहान्सनचे १०२ त्यात जसेच्या तसे उभे आहेत. फक्त त्यांच्या आधी १.००१ ते १.००९ असे ९ आणि १.०००५ चा १ जोडला आहे, म्हणजे मायक्रॉनची आणि अर्ध्या मायक्रॉनची सोय झाली. जुन्या घाटाला धक्का न लावता त्याच्या अलीकडे एक नवी मालिका बसवली गेली. मूळ रचना किती पक्की होती याची याहून मोठी पावती नाही.

याच पेटीतून कोनही उभे राहतात. साइन बार, म्हणजे कोन मोजायची १०० मिलिमीटरची पट्टी, सरफेस प्लेटवर ठेवायची आणि तिच्या एका टोकाखाली ठोकळ्यांचा थर द्यायचा. २७ अंश हवे असतील तर उंची ४५.३९९ मिलिमीटर. त्यासाठी १.००९, १.३९, १८ आणि २५. लांबीसाठी रचलेली बेरीज इथे कोनाच्याही कामी येते, आणि इथेही चारच ठोकळे.

आज लांबीचं अंतिम प्रमाण प्रकाशात आहे. १९६० मध्ये मीटर क्रिप्टॉनच्या प्रकाशलहरीला बांधला गेला, १९८३ पासून तो प्रकाशाच्या वेगावर उभा आहे. राष्ट्रीय प्रयोगशाळा आपले ठोकळे प्रकाशलहरींनी मोजतात. त्यांच्यापासून पायरीपायरीनं प्रमाणपत्रं खाली येतात, ती आपल्या वर्कशॉपमधल्या पेटीपर्यंत. ठोकळे झिजतात, मुंबई-कोकणच्या दमट हवेत गंजायला टपलेले असतात, म्हणून त्यांना पुसून, व्हॅसलीन लावून ठेवायचं आणि ठरावीक काळानं तपासून घ्यायचं. त्यांची जागा संपूर्णपणे घेणारी वस्तू मात्र अजून टूलरूमच्या टेबलावर आलेली नाही. प्रकाशाची लांबी कामगाराच्या हातात देण्याचं काम अजूनही पोलाद, कार्बाइड किंवा सिरॅमिकचे हे ठोकळेच करतात.

पदविकेच्या परीक्षेत या पेटीवर प्रश्न येतो: अमुक माप कमीत कमी ठोकळ्यांत बसवा. विद्यार्थी उजवीकडच्या अंकापासून वजाबाकी करत जातो आणि गुण मिळवतो. माझी इच्छा आहे की तो प्रश्न शिकवताना शिक्षकानं ही पेटी एखाद्या ग्रंथासारखी उघडावी. तिची मालिका १.४९ ला का थांबते ते विचारावं, सांधे कमी ठेवण्यासाठी ठोकळे जास्त का केले ते सांगावं. शिवणयंत्रावर घासणी करणाऱ्या मार्गारेटाचं नाव घ्यावं. २० अंश आणि २५.४ हे आकडे कुणाच्या कामातून रूढ झाले ते कळू द्यावं. आपल्या मुलांना उपकरणं वापरायला शिकवली जातात, पण ती कुणीतरी विचारपूर्वक रचलेली आहेत हे सांगायचं राहून जातं. ते कळलं की मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या ड्रॉइंगमधल्या, स्वतःच्या जुळणीतल्या सांध्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागेल आणि विचारेल: हा जोड इथे असायलाच हवा का? असायला हवा असेल, तर तो दिसणार नाही इतका स्वच्छ कसा करता येईल? हा प्रश्न ज्याला पडू लागला, त्याच्यापर्यंत जोहान्सनचं काम पोचलं असं मी मानेन.